‘एक हिंदू स्त्री’ आणि आमच्या घरचा केसरी

आमच्या लहानपणी घरी केसरी यायचा. टपालाने यायचा, त्यामुळे एखाद-दोन दिवस शिळा असायचा. पण वडिलांचं वाचून होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. वडील ओटीवर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत आणि एखाद्या बातमीवर घरात कुणी शंका काढलीच तर म्हणत, "छापून आलंय म्हणजे काहीतरी असणारच." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते मला अजूनही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

ते परत आठवायला कारण झालं माझ्या भाचीचं. ती वकील आहे, घरकाम करणाऱ्या बायकांच्या केसेस घेते. गेल्या महिन्यात दोन दिवस राहायला आली होती. सारखी मोबाईल उलटा घालून ठेवत होती. शेवटी रात्री विचारलं तर म्हणाली, "मावशी, तू बघू नकोस." मी बघितलं. तिचा फोटो, त्याखाली ती पैसे खाते, घरं मोडते, तिचं स्वतःचं लग्न का टिकलं नाही... असं काहीबाही. कायद्याबद्दल एक अक्षर नाही. ज्या केसवरून हे चाललंय त्या केसबद्दलही काही नाही. जे काही होतं ते सगळं तिच्याबद्दल.

तिला धीर द्यायला शब्द सुचेनात, म्हणून मी कपाटातून मोहिनी वर्दे यांचं ‘डॉ. रखमाबाई : एक आर्त’ काढून तिच्या हातात दिलं. शिक्षकाची सवय, दुसरं काय! ती झोपली आणि मी जागी राहिले. त्या रात्रीपासून हे लिहायचं डोक्यात आहे. (दादा, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. शेवटपर्यंत वाचा, मग रागवा.)

रखमाबाईंची गोष्ट बऱ्याच जणांना आता सिनेमामुळे ठाऊक झाली आहे. तरी थोडक्यात सांगते. जन्म मुंबईचा, २२ नोव्हेंबर १८६४. जात सुतार. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच गेले. आई जयंतीबाई, चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी बाळंतपण, सतराव्या वर्षी वैधव्य. पण त्यांच्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. सखाराम अर्जुन म्हणजे मोठे डॉक्टर, वनस्पतीशास्त्राचे जाणकार. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत जे दोन भारतीय होते त्यांतले एक. असा सावत्र बाप नशिबाने मिळतो.

एवढं असूनही मुलीचं लग्न अकराव्या वर्षी झालंच. नवरा दादाजी भिकाजी, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, एकोणीस वर्षांचा. ठरलं असं होतं की त्याने सासरी राहून शिकायचं आणि कर्ता व्हायचं. तो शिकला नाही. मामाकडे जाऊन राहिला. इकडे रखमाबाईंची शाळा लग्नाबरोबर सुटली होती, पण त्या घरी बसून मिशनच्या वाचनालयातली पुस्तकं आणून इंग्रजी शिकल्या. वर्षं गेली. नवरा-बायको म्हणून दोघं एक दिवसही राहिले नाहीत. मार्च १८८४ मध्ये दादाजींची वकिलामार्फत नोटीस आली, बायको नांदायला पाठवा. रखमाबाई नाही म्हणाल्या. खटला उभा राहिला.

आता वर्तमानपत्रांकडे येते, कारण मला खरं सांगायचंय ते त्यांच्याविषयी.

या खटल्याआधी थोडं मागे जायला हवं. १८८१ मध्ये सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशी झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्यावरून ‘पुणे वैभव’ने एकूण बायकांच्याच चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. त्या मुलाच्या बापाचा प्रश्न कुणी काढला नाही. ते वाचून वऱ्हाडात बुलढाण्याला एक बाई पेटून उठली, ताराबाई शिंदे. तिने ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं, १८८२ मध्ये ते पुण्यात छापून निघालं. काय भाषा आहे त्या पुस्तकाची! संपादकांना, शास्त्रीबुवांना, सुधारकांना, कुणाला सोडलेलं नाही. त्यावर अशी टीका झाली की जोतीराव फुल्यांना १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. निबंधमाला पाठ होती, पण या बाईचं नावसुद्धा तेव्हा आमच्या कानावर आलं नाही.

तर रखमाबाई. २६ जून १८८५ च्या टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने एक पत्र आलं, विषय बालविवाह. दुसरं आलं १९ सप्टेंबरला, लादलेल्या वैधव्याविषयी. लिहिणारी होती एकवीस वर्षंही पुरी न झालेली रखमाबाई. सखाराम अर्जुन त्याच वर्षी वारले होते, म्हणजे डोक्यावरचं छत्र नुकतंच गेलेलं. त्या पत्रांत आकांडतांडव नाही. लग्नाने मुलाचं शिक्षण थांबत नाही, मुलीचं थांबतं. ज्या वयात मुलीला शिकण्याची गोडी लागते, नेमक्या त्याच वयात तिच्या हातातून पुस्तक काढून घेतलं जातं. असं साधं, हिशेबासारखं मांडलंय. मी तीस वर्षं वर्गात मुली बघितल्या. सातवी-आठवीत जी मुलगी हात वर करत असे, ती नववीत एकाएकी गप्प होते, हे कुठल्याही बाईंना विचारा.

दुसरं पत्र छापून दोन दिवस झाले आणि २१ सप्टेंबरला न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. अजाण वयात लग्न लावून दिलेल्या मुलीला, तिची इच्छा नसताना, असं एकत्र राहायला भाग पाडणं हे रानटीपणाचं आणि क्रूर होईल, असं त्यांचं म्हणणं. शिवाय, अशी फिर्याद हा मुळात इंग्लंडातला प्रकार, हिंदू कायद्यात त्याला आधार दिसत नाही, असंही ते म्हणाले.

आणि मग आभाळ कोसळलं. पुण्याचं इंग्रजी ‘मराठा’ हे पत्र टिळकांच्या हातात होतं. त्याने लिहिलं की पिन्हींना हिंदू धर्मशास्त्राचा आत्माच कळलेला नाही, हे जबरदस्तीने सुधारणा लादणं आहे. मुंबईत विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या ‘नेटिव्ह ओपिनियन’ने दादाजींची बाजू घेतली. मंडलिक म्हणजे केवढा कायदेपंडित! उलट बाजूला टाइम्स, आणि मलबारींचा ‘इंडियन स्पेक्टेटर’. मलबारींनी आदल्याच वर्षी बालविवाहावर टिपणं प्रसिद्ध करून सगळ्यांची झोप उडवली होती.

इथे एक गंमत आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. नांदायला चल म्हणून कोर्टातून हुकूम मिळवायचा, आणि न ऐकल्यास तुरुंग, हा कायदा इंग्लंडातल्या चर्चच्या कोर्टांतून आलेला. खुद्द इंग्लंडने यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती. हिंदुस्थानात मात्र ती राहिली, सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे आमची वर्तमानपत्रं हिंदू धर्म बुडाला म्हणून ज्या गोष्टीसाठी छाती पिटत होती, ती साहेबाने स्वतःच्या घरून टाकून दिलेली वस्तू होती! धर्म कुठला, शास्त्र कुठलं... पण अग्रलेखात हे कोण सांगणार?

आता टिळकांबद्दल. मी शाळेत पंचवीसहून अधिक वर्षं एक ऑगस्टला भाषण केलंय. शेंगांची टरफलं, ‘संत’ शब्द तीन तऱ्हांनी लिहिणं, मंडाले, गीतारहस्य. सगळं मनापासून. आजही त्या माणसाबद्दल आदर आहे, आणि परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये हा त्यांचा मुद्दा मला कळतो. गुलाम देशातल्या माणसाला घर ही एकच जागा स्वतःची उरते. पण त्या घरात रखमाबाईही राहत होती ना? ‘केसरी’चे तेव्हाचे संपादक आगरकर, आणि त्यांचं न् टिळकांचं या असल्याच प्रश्नांवरून बिनसत गेलं. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघितली. आगरकरांची प्रेतयात्रा पुस्तकात आहे, ती मी शिकवली. रखमाबाई पुस्तकात नव्हत्या.

दादाजींनी अपील केलं. सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवून खटला परत पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

या तारखेपाशी मी नेहमी अडते. त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. बावीसही पुरी नव्हती. वर्तमानपत्रांनी केवढा गौरव केला त्यांचा, आणि तो योग्यच होता. पण बघा, दोघी एकाच वयाच्या (चारपाच महिन्यांचाच फरक), दोघींची लग्नं लहानपणीच झालेली, दोघींना शिकायचं होतं. एकीला नवऱ्याने शिक म्हटलं म्हणून ती शिकली, परदेशी गेली. तिचं कौतुक झालं. दुसरी नवऱ्याला नाही म्हणाली. एकाच पंधरवड्यात एकीसाठी डोळ्यांत पाणी आणि दुसरीसाठी तुरुंगाचं दार. आनंदीबाईंचं मोठेपण यात कमी होत नाही. पण मी मुलींना आनंदीबाई शिकवताना "नवऱ्याने साथ दिली" हे वाक्य किती जोर देऊन म्हणत असे, ते आठवून आता बरं वाटत नाही.

त्या दिवसांत रखमाबाईंनी पंडिता रमाबाईंना पत्र लिहिलं, १८ मार्चचं. रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या आणि त्यांचं इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी निघायचं होतं; त्यात त्यांनी ते छापलं. त्यात एक गोष्ट रखमाबाईंनी लिहिली आहे, ती मला वकिलांच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा जास्त खरी वाटते: या निकालाने आता सासवांना जोर चढेल. म्हणजे बाईला स्वतःच्या तुरुंगाइतकीच काळजी होती ती दुसऱ्या घरांतल्या सुनांची.

मग दादाजींनी आपली कैफियत छापून काढली. त्यात काय होतं? बायकोच्या घरच्यांचा डोळा इस्टेटीवर आहे, आजोबा आणि आई मिळून हे सारं घडवून आणताहेत. भाचीच्या मोबाईलवरचं आठवा. तोच साचा. बाईचं म्हणणं काय आहे ते बाजूला ठेवा, तिच्या मागे कोण आहे, तिला पैसे कुठून मिळतात, तिची आई कशी, हे काढा. रखमाबाईंनी २९ जून १८८७ च्या बॉम्बे गॅझेटमध्ये त्याला उत्तर दिलं, मुद्द्याला मुद्दा, स्वतःच्या नावाने. ‘एक हिंदू स्त्री’ ही सही आता उरली नव्हती. असंच असतं. पडद्याआडून बोललं की लोक म्हणतात भित्री, आणि पडदा सारला की म्हणतात निर्लज्ज.

त्यांच्या बाजूने मुंबईत समिती झाली, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ (कवी वर्ड्‌स्वर्थचे नातू) त्यात पुढे होते. लंडनच्या टाइम्समध्येही पत्रं आली. तडजोड झाली जुलै १८८८ मध्ये: दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावण्याचा आग्रह सोडला. राणी व्हिक्टोरियाने लग्न मोडून दिलं अशी कथा सांगतात, ती खरी नाही. दोन हजार रुपये, बस्स. दादाजींनी दुसरं लग्न केलं. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या.

शारदा सदनाचं प्रकरण यानंतरचं. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी ते काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात नेलं. केसरीने सुरुवातीला स्वागत केलं आणि मग दोन-तीन वर्षं असं धारेवर धरलं की १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. इथे मी टिळकांना पूर्ण दोषी धरत नाही. मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसत होत्या, आणि हे पालकांना कळायला हवं, हा मुद्दा रास्त होता. पण रास्त मुद्दा एका अग्रलेखात संपतो. पुढचे सगळे कशासाठी? त्याच सदनातली पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. तिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ ला लग्न केलं. त्या बाया आणि कर्वे यांचं पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतो. असो.

आता माझं स्वतःचं. हे मी घरातही फारसं बोललेले नाही.

१९८३ सालची गोष्ट. माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी आठ दिवस आली नाही. चौकशी केली तर कळलं लग्न ठरलंय. मुलीचं वय अठराचं पाहिजे हा कायदा होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. मी तिच्या घरी गेले, वडिलांशी बोलले. कायद्याची भीती घातली, हेही खरं. लग्न पुढे ढकललं गेलं आणि ती मॅट्रिक झाली.

पण मधल्या काळात आमच्या तालुक्याच्या एका साप्ताहिकात गावगप्पांच्या सदरात चार ओळी आल्या. नाव नव्हतं. एका शाळेतल्या एका बाईंना स्वतःचा पाळणा हलत नाही, म्हणून त्या दुसऱ्यांच्या लेकींचे पाळणे अडवत फिरतात, असं काहीसं. मला तोवर मूल नव्हतं, लग्नाला सात वर्षं झाली होती. नाव नसलं तरी एस्टी स्टँडपर्यंत सगळ्यांना कळलं. यांनी तो अंक घडी करून गादीखाली घातला, मला दिसू नये म्हणून. मी चादर बदलताना मला सापडला. मुख्याध्यापक चांगले होते, एवढंच म्हणाले, "बाई, आपण शिकवायचं काम करावं." वडील तेव्हा होते. सुट्टीत माहेरी गेले तर त्यांच्याही कानावर गेलं होतं. मला वाटलं ते म्हणतील, खोटं आहे, सोड. ते म्हणाले, "तू काहीतरी केलं असशील."

छापून आलंय म्हणजे काहीतरी असणारच.

दोन वर्षांनी दुसरी एक मुलगी अशीच वर्गातून गेली. कृष्णवेणी होती, म्हणजे केस गुडघ्यापर्यंत, गणितात हुशार. मला सगळं कळलं होतं, लग्नाची तारीखसुद्धा. मी तिच्या घरी गेले नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ मारली आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ लिहिलं.

रखमाबाईंवर जे कोसळलं त्याच्यापुढे माझ्या चार ओळी म्हणजे काहीच नाही. पण त्या चार ओळींनी त्यांचं काम चोख केलं.

त्या मात्र लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेला बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. सुरत, जिथे विजयालक्ष्मीला फाशी सुनावली होती. तिथे आणि नंतर राजकोटला मिळून तीसहून अधिक वर्षं बाळंतपणं केली. दादाजी १९०४ मध्ये गेले तेव्हा त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं घेतलं. हे वाचून भाची चिडली, "कशाला?" म्हणाली. मला उत्तर आलं नाही. मला वाटतं त्यांना कोर्टाने सांगितलेलं करायचं नव्हतं, एवढंच. स्वतःला वाटलेलं त्या करत होत्या. पण हा माझा तर्क. १९२९ मध्ये पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी पुन्हा लेखणी घेतली. साठी उलटली होती.

२५ सप्टेंबर १९५५ ला त्या मुंबईत वारल्या, नव्वद वर्षांच्या होऊन. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला होता. त्याचं नववं कलम बघा, जोडीदाराने नांदायला यावं म्हणून कोर्टात जाता येतं. तुरुंग गेला, मालमत्तेची जप्ती राहिली, आणि आता नवरा-बायको दोघांनाही ते लागू आहे. आंध्रच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं होतं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वैध म्हटलं. कलम आजही आहे. हे मला भाचीने सांगितलं, पुस्तक परत देताना. तिच्याकडे असल्या दोन नोटिसा आलेल्या आहेत, दोन्ही भांडी घासणाऱ्या बायांना.

काल तिचा फोन आला होता. मोबाईलवरचं ते अजून थांबलेलं नाही. गुरुवारी तारीख आहे. तिने विचारलं, कोर्टात येतेस का, नुसती मागच्या बाकावर बसायला. मी हो म्हटलंय. दादा, तुम्हाला गुडघ्यांमुळे जमणार नाही हे माहीत आहे, पण तिला एक फोन करा. तुम्ही तिचे मामा आहात, आणि त्या घरचा केसरी आधी वडील वाचायचे, मग तुम्ही.